सोयरीक

गुरुवारी सहा वाजता, हल शहराच्या लायब्ररीत,
वरच्या मजल्यावर, जिथं हीटर नुसता खोकतो,
ब्रेंडाबाई फळ्यावर शब्दांची लग्नं लावतात.
चहा असतो स्ट्राँग. पाऊस हेवी.
मी विचारलं, हेवी चहा का नाही?
आमच्याकडे उपाशीपोटी दोन कप घेतले
तर चांगलाच जड पडतो.
बाई हसल्या. नियम नाही गं, म्हणाल्या,
तसं म्हणतात, एवढंच.

माझ्या आत्याचंही असंच होतं, वाशिमला,
माझं लग्न ठरवताना:
छत्तीसातले अठरा गुण जुळले, पुरे झाले.

वहीत मी दोन रकाने आखले.
बेड मेक करायचा, भांडी डू करायची,
सर्दी कॅच करायची, जशी काही पळूनच चालली होती.
लक्ष नुसतं द्यायचं नाही,
पे करायचं, वीजबिलासारखं.
आणि आपल्या 'लागणे'ला तिथं कुणी मुलगी देईना.
भूक लागते, झोप लागते, ठेच लागते,
वेड लागतं, दृष्ट लागते, लळा लागतो,
घरी फोन लागत नाही.
एवढं कर्तंसवरतं क्रियापद,
इथं येऊन बिनलग्नाचं.

नोकरी मात्र शब्द जुळायची वाट बघत नाही.
पहिल्याच आठवड्यात रात्रपाळी. खोली अकरा.
एनिड स्टॅथर, वय ब्याण्णव,
पाय सुजलेले, वेणी अजून स्वतःची स्वतः घालणाऱ्या.
रिपोर्टात लिहिलेलं: हॅड अ फॉल.
म्हणजे त्या पडल्या नव्हत्या,
त्यांच्याकडे एक पडणं होतं,
चष्म्यासारखं, उशाशी ठेवलेलं.

मी पांघरूण सारखं करत होते
तेव्हा त्या म्हणाल्या,
आय लॉस्ट माय हजबंड, लव्ह.

हरवला?
मी बॅटरी घेतली.
जेवणघर पाहिलं, दोन्ही न्हाणीघरं पाहिली,
मागचं दार पाहिलं, जे थंडीत नीट लागत नाही.
परत येऊन विचारलं, अंगावर कपडे कोणते होते?
त्या बघत राहिल्या माझ्याकडे. मग म्हणाल्या,
निळा स्वेटर. मीच विणलेला.
मी पुन्हा शोधायला गेले.

जिन्यात ग्वेन सिस्टर भेटली.
वेडी का तू, म्हणाली. वारला तो,
साठ वर्षं होऊन गेली,
कॉड धरायला आइसलंडकडे गेलेली बोट.

लाज वाटली. लागली नाही, वाटली,
हे मात्र मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.
सॉरी म्हणायला गेले तर
एनिडबाई उठून बसलेल्या.
बोट मिळाली नाही, म्हणाल्या, माणसंही नाहीत,
एक लाकडी फळी आली, तीही कुणाची ते कळलं नाही.
हेसल रोडवर, पोरी, तू बरोबरच ऐकलंस.
तुमच्यात काय म्हणतात?

गेला, म्हणतात.
कुठं?
ते सांगत नाहीत.

बराच वेळ त्या हाताची बोटं चोळत होत्या.
माझाही गेलाच की, म्हणाल्या,
मंगळवारी, पहाटेच्या भरतीला,
जाड मोजे घरीच विसरून.
आणि मग, अगदी रोजच्या आवाजात:
चहा करतेस? स्ट्राँग कर.

पुढच्या गुरुवारी ब्रेंडाबाईंनी विचारलं,
लॉस्टबरोबर काय काय येतं?
पोलंडचा तोमाश म्हणाला, किल्ली.
कुर्दी आजोबा थोडे थांबले, म्हणाले, रस्ता,
मग ते खोडून, घर.
माझी पाळी आली.
वहीत पुष्कळ काही लिहिलेलं होतं.
मी म्हणाले, निळा स्वेटर.
बाईंनी बरोबरची खूण केली
आणि पुढच्या शब्दाकडे वळल्या.